सुजातानं रिकामं केलेलं मैदान

सुजाता गेल्याची बातमी मला ज्या तोंडून कळली, त्या तोंडात तिचं नाव यायलाच नको होतं. सकाळची वेळ, मी पोह्यांना फोडणी घालत होते. फोन वाजला, नंबर ओळखीचा नव्हता. "रझिया, मी सर बोलतोय." इतकी वर्षं गेली, पण 'कोणते सर' असं विचारावं लागलं नाही. पाठ आपोआप ताठ झाली. "आपली सुजाता गेली गं पहाटे. नांदेडच्या दवाखान्यात. तुला कळलंच असेल." मला कळलं नव्हतं. आदल्याच आठवड्यात मी तिच्या उशाशी बसून आले होते, तिच्या भाच्यानं माझा नंबर लिहून घेतला होता, आणि तरी त्याच्याआधी सरांचा फोन आला... तिकडून खाकरल्याचा आवाज आला. "तू पुरवणीत लिहितेस ना? तिच्यावर लिही काहीतरी. माझ्या हाताखाली घडलेली पोरगी होती, ते येऊ दे त्यात. आम्ही मातीतनं काय उभं केलं, हे आजकालच्या लोकांना कळलं पाहिजे."

पोहे करपले. मी कढई तशीच मोरीत नेऊन ठेवली आणि ओट्याला टेकून उभी राहिले. रडू नंतर आलं. आधी आला तो त्या 'आपली' शब्दाचा राग. आज तिला जाऊन काही आठवडे झाले, रडू ओसरलं, राग आहे तिथंच आहे. तर सर, लिहिते. तुम्हीच सांगितलंत. तुमचं नाव तेवढं येणार नाही. तुमचं नाव छापून यावं यासाठी तुम्ही आयुष्यभर जे केलंत ते मी जवळून पाहिलंय, त्यात माझ्या हातून भर पडायला नको.

आम्ही दोघी औशाच्या. माझ्या अब्बांचं बाजारात शिवणकामाचं दुकान होतं. सुजाताचं घर गावाच्या पलीकडच्या अंगाला, बौद्ध वस्तीत. तिचे वडील गवंड्याच्या हाताखाली जायचे, आणि पावसानं पाठ फिरवली, बांधकामं थांबली, तसे आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. सुजाता थोरली. पाणी आणणं तिच्याकडे. टँकर यायचा तेव्हा वस्तीतल्या बाया आणि पोरी घागरी घेऊन पळत सुटायच्या, आणि त्या पळापळीत सुजाता अशी काही वाकायची, वळायची, दोघींच्या मधून निसटायची, की बघणाऱ्याला वाटावं हिला हाडं आहेत की नाहीत. आमच्या शाळेत खेळ शिकवायला हेच सर होते. एकदा रस्त्यानं जाताना त्यांनी हे पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी तिला खो-खोच्या मैदानावर उभं केलं. हे खरं आहे. तुमच्या वाट्याचं जे खरं आहे ते मी कापणार नाही, सर. तिला मैदानावर तुम्हीच आणलंत.

आणि सुरुवातीला ती किती खूश होती! सर महिन्यातून एखाद्या वेळी "शाब्बास" म्हणायचे. तेही सगळ्यांसमोर नाही, जवळून जाताना, पुटपुटल्यासारखं. त्या एका शब्दावर सुजाता आठवडाभर तरंगत असायची. घरी जाताना मला विचारायची, "तू ऐकलंस ना गं? मलाच म्हनले ना?" मग पुढचे कितीतरी दिवस सर तिच्याकडे बघायचेही नाहीत, आणि ती खंगल्यासारखी व्हायची, आपलं काय चुकलं ते शोधत बसायची. आम्ही लहान होतो. आम्हाला वाटायचं, मोठे शिक्षक असेच असतात. आता स्वतः इतकी वर्षं वर्गात घालवल्यावर कळतं, ती शाब्बासकी चुकून राहून जात नव्हती. त्या काळात गावात पाणी जसं सुटायचं, एक दिवस येतं, चार दिवस नाही, आणि कधी येईल ते सांगायचं नाही, म्हणजे माणूस नळाशी बसून राहतो... तसं ते होतं.

त्याच सुमारास लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे. औशात फटाके वाजले, पेढे वाटले गेले, अब्बांनी दुकानाला पताका लावल्या. सरांच्या डोळ्यांत मात्र वेगळंच काही पेटलं. नवा जिल्हा म्हणजे जिल्ह्याचा नवा संघ. लातूरचा मुलींचा पहिला खो-खो संघ राज्याच्या स्पर्धेला जाणार, आणि तो नेणारा माणूस कायमचा पहिला ठरणार. सरांनी ओळखीपाळखी लावून ती जबाबदारी मिळवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला शिबिर ठरलं, एका शाळेच्या वर्गांत राहायचं आणि समोरच्या मैदानावर सराव. औशातून आम्ही दोघी निवडलो गेलो. सुजाता गेली तर घरी पाणी कोण भरणार, हा प्रश्न होता. तिची आई खडी फोडून आलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या. म्हणाली, "जा तू. पान्याचं मी बगते. जिल्ह्याचं नाव लावून पळशील, लई भारी दिसशील."

शिबिरात पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, सराव संपेपर्यंत कुणी पाणी प्यायचं नाही. पाण्यानं पाय जड होतात, असं त्यांचं शास्त्र. ऊन कसं होतं ते लातूरच्या माणसाला सांगायला नको. मैदान तापून पांढरं व्हायचं. आणि रोज सकाळी कुठून तरी एक टाकी यायची, तिच्यातून मैदानावर सडा मारला जायचा, कारण धूळ उडते आणि पाहायला येणाऱ्या साहेबांचे कपडे खराब होतात. माती पाणी प्यायची, आम्ही जीभ टाळूला लावून बघत बसायचो. एकदा सुजाता बोलली, "सर, एक घोट." सर म्हणाले, "आधी मैदानाची तहान भागू दे." दोघीतिघी हसल्या. सरांच्या बोलण्यावर हसणं सुरक्षित असायचं.

त्या दिवसापासून सुजाता त्यांच्या डोळ्यांत सलू लागली. त्यांनी तिला कधी हात लावला नाही, शिवी दिली नाही. त्यांची रीत वेगळी होती. सुजाताकडून चूक झाली की बाकीच्या सगळ्यांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या, आणि सुजातानं खांबाजवळ उभं राहून ते बघायचं. "हिच्यामुळं पळताय, ध्यानात ठेवा," एवढंच म्हणायचे. उन्हात, कोरड्या घशानं, दुसऱ्याच्या चुकीपायी पळणाऱ्या पोरीला राग कुणाचा येणार? सरांचा येत नाही. सरांचा राग करायला भीती वाटते. राग खांबाजवळ उभ्या असलेल्या पोरीचा येतो. आमची कर्णधार अलका, लातूरच्या मोठ्या घरातली. आधी ती सुजाताशी बरी वागायची. हळूहळू जेवायला बसताना तिच्यापासून सरकून बसू लागली. मग सगळ्याच सरकल्या. पाणी मिळायचं त्या वेळी सगळ्या एका पेल्यानं प्यायच्या. सुजाताची पाळी आली की अलका पेला बाजूला ठेवून म्हणायची, "ओंजळ कर." वरून पाणी ओतायची. सर ओसरीत खुर्ची टाकून बसलेले असायचे. त्यांना दिसत नव्हतं असं कुणी म्हणू नये. सुजाताच्या घरी भिंतीवर निळ्या चौकटीतला फोटो होता. ओंजळ म्हणजे काय ते तिला तिच्या वडिलांनी पुरतं समजावलं होतं. ती एकदा प्यायली, नंतर नाही. मला म्हणाली, "घरच्या घागरीला हात लावायला कुनाला इचारावं लागत न्हाई. हितं का म्हनून?" मग मी माझा तांब्या वेगळा भरून घ्यायला लागले आणि आम्ही दोघी त्यातून प्यायचो. त्यावरही अलकाचं नाक मुरडून झालं.

एका सकाळी कुणी मोठे साहेब संघ बघायला येणार होते. त्यांना उशीर झाला. सरांनी आम्हाला खेळवतच ठेवलं, ते यावेत आणि खेळ चालू दिसावा म्हणून. ऊन डोक्यावर आलं. खो-खोत पाठलाग करणारा संघ रांगेनं बसलेला असतो, आणि पाठीमागून येऊन कुणी थाप मारून 'खो' दिल्याशिवाय उठायचं नसतं. मी रांगेत बसले होते. सुजाता पळत होती, खांबाला वळसा घालताना तिचे पाय एकमेकांत अडकले आणि ती तोंडावर पडली. उठली नाही. अंग आकडी आल्यासारखं थरथरत होतं. सर शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "नाटक आहे. कुणी जागचं उठलं तर संघाबाहेर." कुणी उठलं नाही. अलका तर तिच्या इतकी जवळ बसली होती, की हात लांब केला असता तरी पुरला असता... मी उठले. मला कुणी खो दिला नव्हता, तरी उठले. तिला फरपटत सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं. सर मागून ओरडत होते आणि तेवढ्यात साहेबांची जीप आली, तसे सर हसतमुखानं फाटकाकडे गेले.

सरकारी दवाखान्यात सुजाताला सलाइन लावलं. सर आले नाहीत, कुणाला पाठवलंही नाही. आमच्या पिशव्या शाळेच्या शिपायानं आणून दिल्या आणि आम्ही एसटीनं औशाला परतलो. पुढे तो पहिलावहिला संघ पहिल्याच सामन्यात गारद झाला, आणि सरांनी वार्ताहराला सांगितलं, दोन खेळाडू ऐनवेळी शिबिरातून पळून गेल्यामुळे लातूरचं नाव खाली गेलं. ते छापून आलं. सुजाताच्या वडिलांनी हॉटेलात बसून दुसऱ्याकडून वाचून घेतलं. शाळेत आमच्याशी कुणी बोलेना. नव्या जिल्ह्याचा अभिमान ताजा होता आणि आम्ही त्याला डाग लावणाऱ्या.

अब्बा शांत माणूस. त्यांनी वाद घातला नाही. त्या काळात सरांचं पँटचं कापड शिवायला आमच्या दुकानात पडलं होतं, चांगलं टेरिकॉट. सर विचारायला यायचे, "झाली का मास्तर?" अब्बा मान खाली ठेवून म्हणायचे, "हो रही है." दिवाळी गेली, रमजान गेला. "हो रही है." सर चिडले, कापड परत मागितलं, तर अब्बा म्हणाले, "अहो, कापलंय की. शिवतो." ते कापड घड्या पडून विरलं, पण अब्बांनी त्याला सुई लावली नाही. मला सूड म्हटलं की आधी अब्बाच आठवतात, चष्म्यावरून बघत म्हणणारे, हो रही है.

सुजाताचं काय झालं हे मात्र दिसायला वेळ लागला. ती मैदानाच्या बाजूनं जायची नाही, लांबचा रस्ता धरायची. शाळेच्या कवायतीची शिट्टी वाजली की तिचे हात गार पडायचे. जेवण तुटलं. मला एकदा म्हणाली, "रझिया, मी खरंच नाटक केलं असंल का गं?" हे मला आजही सोसत नाही. त्या माणसानं तिच्याकडून खेळ घेतला ते एक, पण तिचा स्वतःच्या शरीरावरचा विश्वासही घेतला. आपण पडलो ते खरं पडलो की नाही, हेही तिला कळेनासं झालं होतं. अखेर तिची आईच एक दिवस कडाडली. "तो काय खेळाचा मालक हाय? खेळ काय त्याच्या बापानं काढला? जायचं तर जा, न्हाई तर हितं बसून कुढू नगंस, मला बगवत न्हाई." पुढच्या वर्षी सुजाता नांदेडला मावशीकडे गेली, तिथल्या कॉलेजात पुन्हा पळायला लागली. खेळाच्या शिक्षणाची पदवी घेतली आणि लोह्याच्या एका शाळेत लागली. लग्न केलं नाही. मी लातूरला सासरी आले, शिक्षिका झाले. ती सुट्टीत यायची, माझ्या हातची बिर्याणी खायची आणि दर वेळी एकच वाक्य म्हणायची, "एकदा तो समोर येऊ दे."

तो समोर आला हदगावला. कापसाच्या गाड्यांनी बाजार भरलेला, धुरळा उडतोय, आणि मैदानावर मुलींच्या विभागीय स्पर्धेची अंतिम लढत, सुजाताच्या लोह्याच्या पोरी विरुद्ध सरांचा लातूरचा संघ. मी खास रजा काढून गेले होते. सर जाड झाले होते, शिट्टी तीच. सुजाताला बघून हसले, म्हणाले, "माझीच पोरगी माझ्यासमोर." लोह्याच्या पोरी अशा पळाल्या, अशा पळाल्या, की लातूरच्या पोरींच्या हाताला नुसता वारा लागला. आघाडी इतकी झाली, की नियमानं समोरच्या संघाला विश्रांती न देता लगेच पुन्हा पाठलाग करायला लावता येत होतं. लावायचंच असं नसतं. पुष्कळदा कुणी लावत नाही. लोह्याच्या कर्णधार पोरीनं सुजाताकडे बघितलं. सुजाता म्हणाली, "परत पळव त्यांना." मी टाळ्या वाजवल्या. मला हवंच होतं. मला ते सर घामाघूम होऊन धुळीत बघायचे होते.

पण धुळीत सर नव्हते. सर कडेला उभे होते. धुळीत होत्या त्यांच्या पोरी. त्यातली एक सावळी, काडीसारखी, खांबाशी वळताना कोसळली. सर चालत तिच्यापाशी गेले, वाकले नाहीत, वरूनच म्हणाले, "नाटक करू नको. ऊठ." मी सुजाताकडे पाहिलं. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. पंचांनी खेळ थांबवला, पोरीला उचलून नेलं, लोहा जिंकलं. ढाल घ्यायला सुजाता गेलीच नाही, पोरींना पाठवलं. बसस्टँडवर आम्ही दोघी बाकावर बसलो. ती म्हणाली, "मी त्याला मारायला गेले, आन् मार पोरींनी खाल्ला." मी म्हटलं, "तरी मला बरं वाटलं." ती म्हणाली, "मला बी वाटलं. तेच तर... आता असं न्हाई करायचं. आता त्यालाच करायचं."

त्या उन्हाळ्यात सरांच्या शिबिराआधी सुजाता माझ्याकडे येऊन राहिली. आम्ही घराघरांत गेलो. आधी तिनं रीतसर तक्रार केली होती. तिचं काही झालं नाही, कारण ज्यांच्याकडे तक्रार गेली ते सरांबरोबर चहा पिणारे होते. मग ती म्हणाली, साहेबांना कशाला सांगायचं, आयांना सांगू. पहिलं घर औशाला, किल्ल्याच्या बाजूला, हदगावला पडलेल्या त्या पोरीचं. आई विड्या वळत बसली होती. सुरुवातीला तिनं आम्हाला उडवूनच लावलं. "सर तर म्हनतेत पोरगी कामचुकार हाय. थोडं पळलं की पडती." सुजाता जमिनीवर बसली आणि तिनं स्वतःचं सगळं सांगितलं. सडा, ओंजळ, फेऱ्या, सलाइन. आईचे हात थांबले. तिनं आतून पोरीला हाक मारली.

"असं हाय का गं तिथं?"

पोरगी दाराच्या चौकटीला टेकून उभी. "हाव."

"मंग सांगितलं कामून न्हाईस, माय?"

"कुनी इचारलंच न्हाई."

सुजातानं तोंड फिरवलं. 

सगळ्यात कठीण दार अलकाचं होतं. हो, तीच अलका. लातुरात मोठं घर, नवरा वजनदार, आणि मुलगी सरांच्या संघात. तिनं आम्हाला सोफ्यावर बसवलं, ट्रेमध्ये पाणी आणलं. सुजातानं पेला उचलला, पुरता रिकामा केला, खाली ठेवला. म्हणाली, "मी माफी मागायला आले नाही, मागवून घ्यायलाही आले नाही. तुझ्या पोरीला त्या शिबिराला पाठवू नको, एवढंच सांगते." अलका म्हणाली, "माझी पोरगी झोपेत दचकते. 'हिच्यामुळं पळताय' असं म्हणते..." आणि रडायला लागली. रडता रडता तिनं विचारलं, "त्या दिवशी रझिया उठली. मला का उठता आलं नाही गं?" सुजाताच्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानं अलकाचा हात धरला असता. सुजाता उठून चपला घालायला लागली. "मला काय ठाव? तुझं तू बघ." जिना उतरताना मी म्हटलं, थोडं मऊ बोलायचंस. ती म्हणाली, "आज न्हाई जमत." पण त्यानंतर लातुरातली दारं आम्हाला ठोठावावी लागली नाहीत. अलकानं स्वतः फोन फिरवले, घरोघरी गेली. तिच्या शब्दाला वजन होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा ते तिनं बरोबर जागी टाकलं.

शिबिराच्या पहिल्या सकाळी मी आणि सुजाता मैदानासमोरच्या रसवंतीत जाऊन बसलो. सर वेळेवर आले. पांढरा शर्ट, पांढरी टोपी. मैदानावर ताज्या चुन्याच्या रेषा, दोन्ही खांब नवे रंगवलेले, सडा मारलेला. कुणीच नव्हतं. सरांनी घड्याळ पाहिलं. शिट्टी वाजवली. रस्त्यावरचं एक कुत्रं उठून बघायला लागलं. सर फाटकापर्यंत आले, दोन्ही बाजूंना पाहिलं, आत गेले, पुन्हा शिट्टी वाजवली. मी सुजाताच्या हाताला हात लावला. शिट्टीनं गार पडायचा तो हात, गरम होता. ऊन चढलं, सडा वाळला, त्या रेषांवर एक पाऊल उमटलं नाही. साहेबांची गाडी आली, साहेब उतरले, इकडे तिकडे बघून काहीतरी बोलले, सर हात हलवून समजावत राहिले आणि गाडी निघून गेली. मग ते खांबाच्या बुडाशी मातीतच बसले. त्यांना कुणी पाणी विचारलं नाही. "चल जाऊ," मी म्हटलं. सुजाता म्हणाली, "थांब गं. अजून एक गिलास सांग. बर्फ जास्ती टाक म्हनावं."

सर, आम्ही तिथं होतो, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळत असेल. त्या वर्षी तुमच्याकडे एकही पोरगी आली नाही आणि पुढेही कधी आली नाही. तुम्ही मुलांचे संघ केलेत, तुमचा सत्कार झाला, शाल मिळाली, भाषणंही केलीत. मुलींचा संघ मात्र तुमच्या हातून गेला तो गेलाच, आणि तो तिनं घेतला. तुम्ही घडवलेलं काही असेल तर एवढंच.

दवाखान्यात मी तिला शेवटची भेटले तेव्हा ती फार वाळली होती. मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्या शिबिराशी याचा संबंध आहे का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाही, मुळीच नाही, दुखणं अलीकडचं. मला त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागतो... ठेवते. तिच्या मावसबहिणीनं तिथंच विषय काढला, बाई, आता सगळ्यांना माफ करून टाक, जीव हलका होतो. सुजातानं डोळे उघडले. "जीव हलकाच हाय माझा. माफ न्हाई केलं. रझिया, तू बी करू नगंस. आपण केलं तर त्या पोरींना काय सांगायचं?" मग थकून डोळे मिटले. तिनं मला सोपवलेलं काही असेल तर ते हे, आणि मी ते सांभाळणार आहे.

परवा लोह्याला गेले. तिची खोली रिकामी करायची होती. भांडी, पुस्तकं, साड्या भाच्याकडे गेल्या. संध्याकाळी शाळेच्या मैदानाकडे पाय वळले. नव्या बाई अजून यायच्या होत्या, पोरींचा सराव पोरीच घेत होत्या. सराव संपला तरी कुणी घरी गेलं नाही. सगळ्या मातीत गोल करून बसल्या. मी कडेला उभी होते, तर मोठ्या मुलीनं मला बोलावलं, "मावशी, बसा की." मला समजायला वेळ लागला, हा सुजाताचा रिवाज. सराव संपला की गोल करायचा आणि एकेकीनं शेजारणीला विचारायचं, आज कसं वाटून राहिलं. खरं सांगायचं. कुणी मधे बोलायचं नाही, कुणी हसायचं नाही. एक म्हणाली, गुडघा दुखून राहिला. एक म्हणाली, घरी भांडण झालं. एक नुसतीच रडली, तिला तिच्या शेजारणीनं रडू दिलं. फिरत फिरत पाळी माझ्यापाशी आली. शेजारी बसलेली पोरगी, नाकात चमकी, केसांत धूळ, माझ्याकडे वळली.

"मावशी, तुमाला कसं वाटून राहिलं?"

मी म्हटलं, "राग येऊन राहिला, बाळा."

कुणी विचारलं नाही, कुणाचा. मग ती पोरगी म्हणाली, "मंग बसा. जिला राग आलाय तिला एकटीला सोडून उठायचं नसतंय."

"मला फार वेळ लागंल," मी म्हटलं.

"लागू द्या की," ती म्हणाली, आणि मला पाय पसरता यावेत म्हणून थोडी बाजूला सरकली.